भिंतीवर संत्र्याची साल

ड्रायवॉलवर टेक्श्चर फवारणारा पंप म्हणजे चुनखडीची पूड, थोडासा डिंकासारखा चिकट पदार्थ आणि पाणी यांचे दाट पीठ एका टोकाने ओढून घेऊन दुसऱ्या टोकाने भिंतीवर शिंपडणारे यंत्र. एका खोलीचे प्रत्यक्ष फवारणे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. त्याआधी खोली झाकण्यात सकाळ जाते आणि नंतर यंत्र धुण्यात संध्याकाळ. जाहिरातीत मात्र फक्त मधली वीस मिनिटे दाखवतात, आणि यंत्र भाड्याने आणणारा हौशी माणूसही शनिवारचा बेत त्या वीस मिनिटांवरच आखतो.

हे यंत्र कशासाठी लागते ते कळायला आधी अमेरिकन भिंत कळावी लागते. ही भिंत विटांची नसते. उभ्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला दोन्ही अंगांनी ठोकलेल्या कागदात गुंडाळलेल्या जिप्समच्या फळ्या, आणि मधल्या जागेत हवा किंवा काचेची लोकर, झाली भिंत. सहा महिन्यांसाठी लेकाकडे डॅलसला आलेले सांगलीचे वडील पहिल्याच दिवशी तिच्यावर बोटाने टिचकी मारतात. "अरे, ही पोकळ आहे की!" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात एकदा उच्चारले जाते, आणि कर्जाचा आकडा कळल्यावर पुन्हा एकदा, जरा हळू आवाजात. त्यांचे आयुष्य अशा भिंतींच्या सहवासात गेलेले असते की ज्यांच्यात खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. इथे खिळा नुसत्या अंगठ्याने आत जातो आणि 'कालनिर्णय'सकट बाहेर येतो. म्हणून कॅलेंडर टांगण्यापूर्वी भिंतीच्या पोटातली लाकडी पट्टी नेमकी कुठे आहे हे शोधणारे एक छोटे यंत्र वापरतात.

या भिंतीची पूर्वज असलेल्या फळीचे पेटंट ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकनाने 1894 मध्ये घेतले. त्यापूर्वी तिकडेही लाकडी पट्ट्यांवर ओला गिलावा चढवत आणि तो सुकण्याची वाट पाहत बसत. फळी कोरडीच ठोकायची असल्याने तिचे नाव पडले ड्रायवॉल. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, लग्ने झाली, घरे हवी झाली आणि गिलावा सुकेपर्यंत थांबायला कोणालाच वेळ उरला नाही, तेव्हा तिने गिलाव्याला घराबाहेर काढले. तिच्या पोकळपणाबद्दल काहीही म्हटले तरी तिचा एक गुण मान्य करावा लागतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा हे त्यात बांधलेले पाणी असते. आग लागली की ते वाफ होऊन सुटते आणि ज्वाळांना काही काळ थोपवून धरते. हे वडिलांना समजावून सांगितले तर ते मान डोलावतात. टिचक्या मात्र थांबत नाहीत.

फळ्या साधारण चार फूट बाय आठ फुटांच्या, म्हणजे प्रत्येक भिंतीत सांधे आलेच. सांध्यावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर एका पांढऱ्या लगद्याचे तीन थर देतात, सुकवतात, घासतात. या लगद्याला कारागीर 'मड' म्हणतात. चांगल्या घरात चिखल हा शब्द इतक्या आदराने क्वचितच वापरला जात असेल. काम कसलेल्या हाताने केले तर सांधा दिसत नाही. घरमालकाने यूट्यूब पाहून केले तर दिवसा दिसत नाही, पण रात्री भिंतीलगतच्या दिव्याचा तिरपा उजेड पडला की खोलीभर सांध्यांचा नकाशा उमटतो. या सफाईचे प्रमाण ठरवण्यासाठी तिकडच्या जिप्सम उद्योगाने 0 ते 5 अशा पायऱ्या केल्या आहेत. पाचवी म्हणजे आरशासारखी गुळगुळीत भिंत. आणि भिंतीवर जाड टेक्श्चर फवारायचे असेल तर तिसरी पायरी पुरेशी, असे त्याच प्रतवारीत नोंदलेले आहे. घाई आणि कौशल्य यांमधला हा तह कागदावर इतक्या सरळपणे मांडलेला फार थोड्या धंद्यांत सापडेल. आपल्याकडचा गवंडी हेच काम "रंग लागला की दिसणार नाही साहेब" एवढ्या एका वाक्यात उरकतो.

टेक्श्चरच्या तीन तऱ्हा मुख्य. बारीक पुळ्यांच्या नक्षीला 'ऑरेंज पील', म्हणजे संत्र्याची साल म्हणतात. नागपूरच्या माणसाने हे नाव ऐकून फसू नये. ही साल त्याच्या ढिल्या अंगाच्या संत्र्याची नाही, घट्ट सालीच्या विलायती संत्र्याची आहे. त्याच्या दृष्टीने ती मोसंबीच. दुसरी तऱ्हा 'नॉकडाउन'. तिच्यात मोठे शिंतोडे उडवायचे आणि ते अर्धवट सुकले की रुंद पात्याने वरून हलकेच चेपायचे. तिसरी 'पॉपकॉर्न', ती फक्त छतापुरती. टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या भागांत पहिल्या दोन तऱ्हा घरोघर दिसतात. ईशान्येकडच्या राज्यांत गुळगुळीत भिंतीचा अभिमान बाळगतात. त्यामुळे न्यू जर्सीहून ह्यूस्टनला बदली झालेल्या मराठी कुटुंबाला नव्या घराच्या भिंतीला गोवर आल्यासारखा वाटतो.

पॉपकॉर्नच्या बाबतीत विनोद थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. जुन्या छतांवरच्या या थरात ॲस्बेस्टॉस असू शकते. सजावटीसाठी फवारायच्या अशा मालावर अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली, पण गोदामांत पडलेला माल त्यानंतरही छतांवर चढला. म्हणून ऐंशीच्या दशकातले किंवा त्याआधीचे छत असेल तर ते खरवडू नये, घासू नये आणि त्याला नवा थर देण्याच्या तयारीलाही लागू नये. आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसातून परत येत नाहीत.

यंत्रांचेही प्रकार आहेत. सगळ्यांत गरीब म्हणजे हॉपर गन. बंदुकीच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे नरसाळे, त्यात पीठ, आणि मागून काँप्रेसरची हवा. पीठ स्वतःच्या वजनाने खाली येते आणि हवा त्याला भिंतीवर उडवते. यातला दाब चौरस इंचाला 20 ते 40 पौंड, म्हणजे मोटारीच्या टायरात असतो तेवढाच. भरलेले नरसाळे डोक्यावर धरून छत फवारताना दहाव्या मिनिटाला खांदे बोलू लागतात. त्यापुढची पायरी म्हणजे चाकांवर उभा राहणारा पंप. पीठ त्याच्या टाकीत आणि माणसाच्या हातात फक्त नळी व बंदूक.

अशा अनेक पंपांचे काळीज म्हणजे रोटर आणि स्टेटर. पीळ दिलेल्या दोरीसारखी पोलादी कांडी रबराच्या पीळदार नळकांड्यात फिरते. दोघांच्या पिळांमध्ये राहिलेल्या पोकळ्या फिरता फिरता पुढे सरकतात आणि त्यांत अडकलेले पीठही. ही युक्ती रने मोइनो या फ्रेंच अभियंत्याची, 1930 च्या सुमाराची. चकलीच्या पितळी सोऱ्याचा दांडा फिरवून ज्याने भाजणी पुढे ढकलली आहे त्याला तिचे तत्त्व निम्मे तरी आधीच माहीत असते. फरक एवढाच की सोऱ्या रिकामा फिरवला तर काही बिघडत नाही. इथे मात्र रबराला ओलावा आणि गारवा पिठाकडूनच मिळतो. पंप कोरडा फिरला की रबर तापते, फाटते, आणि भाड्याच्या पावतीमागे बारीक अक्षरांत छापलेले कलम वाचण्याचा योग येतो. दुकानात "जरा चालू करून दाखवा हो" असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणूनच आधी पाण्याची बादली दाखवतात.

काही पंप हवेशिवाय, नुसत्या दाबाने फवारतात. त्यांचा दाब चौरस इंचाला 3000 पौंडांपर्यंत आणि त्याहूनही वर जाऊ शकतो. टायरचा दाब आणि हा दाब यांतला फरक पाण्याची पिचकारी आणि इंजेक्शनची सुई यांतल्या फरकासारखा आहे, आणि ही उपमा शब्दशः खरी आहे. अशा बंदुकीच्या तोंडासमोर बोट आले तर फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून दिसते एक टाचणीएवढे भोक. दुखतही फारसे नाही. त्यामुळे माणूस त्यावर हळद दाबतो आणि कामाला लागतो. आत मात्र माल बोटाच्या पोकळ्यांतून तळव्यापर्यंत पसरलेला असतो आणि पेशी मरू लागलेल्या असतात. अशा जखमेला शस्त्रक्रियेची गरज असते, ती त्याच दिवशी, शक्य तितक्या तासांत. उशीर झाल्याने बोटे कापावी लागल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. रुग्णालयात "थोडंसं खरचटलं" असे न सांगता "जास्त दाबाचा फवारा आत गेला" असे सांगावे आणि मालाचे पोते किंवा त्यावरचा छापील कागद सोबत न्यावा. बंदूक माणसाकडे रोखायची नाही, आपल्या पायाकडेही नाही, गळती बोटाने किंवा फडक्याने दाबून बघायची नाही आणि काम थांबले की चापाचे कुलूप लावायचे, हे सगळे नियम या एका जखमेतून निघाले आहेत.

आता झाकाझाक. टेक्श्चर भिंतीवर बसावे अशी माणसाची इच्छा असते. टेक्श्चरला अशी कोणतीही आवडनिवड नसते. जमीन, खिडक्या, दारे, पंख्याची पाती, गरम-गार हवेची भोके, विजेची बटणे हे सर्व प्लॅस्टिक आणि निळ्या चिकटपट्टीने झाकावे लागते. बटणांच्या आणि प्लगांच्या चौकटी काढून ठेवायच्या आणि त्या खोलीची वीज मुख्य पेटीतूनच बंद करायची, कारण पाणी घातलेले पीठ उघड्या तारांवर उडवणे हा काही सजावटीचा प्रकार नाही. हवा खेळवणारे यंत्रही बंद ठेवायचे, नाहीतर खोलीतली पूड भोकांतून घरभर वाटली जाते. छतावरची धुराची सूचना देणारी डबी प्लॅस्टिकने झाकायची आणि काम संपल्यावर ती उघडायची. पुष्कळ घरांत ती अजून झाकलेलीच असते. मोठा सोफा "तसाच असू दे, त्याच्यावर चादर टाकली की झालं" या मताला बहुतेक घरांत एक तरी समर्थक सापडतो. चादरीच्या विणीतून पीठ आरपार जाते हे त्याला दुसऱ्या दिवशी समजते.

माणसालाही झाकावे लागते. गॉगल, टोपी, लांब बाह्या, हातमोजे, कानात बोळे आणि नाकावर एन-95 मुखपट्टी. मुखपट्टीची खरी गरज फवारताना लागते त्याहून पोते फोडताना जास्त लागते. कोरड्या पुडीत स्फटिकी सिलिका असू शकते आणि ती फुप्फुसात वर्षानुवर्षे साठते. पोते वरून ओतले की ढग उठतो. ते बादलीच्या काठाशी टेकवून हळूहळू रिकामे केले तर तो उठत नाही.

कालवणे हा या सगळ्या उद्योगातला मराठी माणसाला सर्वांत जवळचा भाग. अमेरिकन पुस्तके सांगतात की मिश्रण पॅनकेकच्या पिठाएवढे दाट असावे. हे घावन आणि धिरडी यांच्या मधले कुठेतरी येते. नॉकडाउनसाठी त्याहून दाट, आंबोळीच्या पिठाकडे झुकलेले. बादलीत आधी पाणी, मग पूड, हाच क्रम. उलट केले तर तळाशी कोरडा गोळा बसतो. ड्रिलला लावलेल्या रवीने सावकाश घोटायचे, पंधरा मिनिटे मुरू द्यायचे आणि पुन्हा घोटायचे. मुरल्यावर दाटपणा बदलतो. म्हणून "पाणी कमी वाटतंय" असे म्हणून पहिल्याच झटक्यात तांब्याभर ओतू नये. शेवटी गाळणीतून गाळायचे. एक वाटाण्याएवढी गुठळी बंदुकीचे तोंड बंद करायला पुरते, हे इडलीपात्राची भोके ज्याने साफ केली आहेत त्याला सांगावे लागत नाही.

पिठाच्या बाबतीत एकच चूक अक्षम्य आहे. सांधे भरण्याच्या लगद्यात एक जात असते जी सुकून नव्हे तर रासायनिक क्रियेने घट्ट होते. तिच्या पोत्यावर 20, 45, 90 असे आकडे असतात. ते आकडे मिनिटांचे आहेत. कारागीर तिला 'हॉट मड' म्हणतात. गॅरेजमध्ये पडलेले अर्धे पोते वाया जाऊ नये या काटकसरी विचाराने ते पंपाच्या टाकीत गेले तर नेमक्या तेवढ्या मिनिटांनी टाकी, रोटर, नळी आणि बंदूक या सर्वांचे मिळून एकच शिल्प तयार होते. सुकलेले साधे पीठ पाण्यात भिजवून निदान मऊ तरी करता येते. जमलेले जिप्सम भिजत नाही.

विजेची जोडणी अर्थिंग असलेल्या आणि पाण्याच्या जागी वीज लगेच तोडणाऱ्या सुरक्षित प्लगमधूनच घ्यावी. पंप आणि काँप्रेसर एकाच प्लगवर बसवले तर घरातला फ्यूज दोघांपैकी एकाला निवडतो आणि शेवटी दोघांनाही बंद करतो. लांबून वीज आणायची तर वायर जाड हवी. दिव्याच्या माळेची वायर टेक्श्चर पंपाला लावली तर वायरच खोली गरम करू लागते. पेट्रोलवर चालणारा काँप्रेसर घरात किंवा बंद गॅरेजात अजिबात नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि 'थोडी डोकेदुखी' म्हणून झोपलेला माणूस उठत नाही.

पीठ टाकण्याआधी पंपात पाणी फिरवायचे, तेही थोडेसे साबणाचे. याला कोणी हळदी-कुंकू म्हणोत, पण कारण रोकडे आहे. कोरडी नळी पिठातले पाणी शोषते, पुढचा भाग घट्ट होतो आणि पहिल्या तीन फुटांतच बूच बसते. ओल्या नळीतून पीठ मुकाट्याने सरकते. सुरुवातीचे पातळ पाणी बादलीत सोडायचे, भिंतीवर नाही. मग दाट पीठ येऊ लागले की एका पुठ्ठ्यावर नक्षी बघायची. पुळ्या फार मोठ्या असतील तर हवा वाढवायची किंवा लहान नॉझल लावायचे. फार बारीक असतील तर उलट. पुठ्ठ्यावरची नक्षी पसंत पडेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. यासाठी पुठ्ठा मोठा हवा. खरे तर घरी आलेल्या टीव्हीचे खोके आठ वर्षे जपून ठेवण्याचे समर्थन इथेच होते.

मग ती वीस मिनिटे. बंदूक भिंतीपासून दीड-दोन फूट, भिंतीला काटकोनात, हात सतत हलता. हात थांबला की तिथे पिठाचा डोंगर होतो आणि डोंगर दिसला म्हणून पुन्हा त्याच्यावर फवारले तर तो घसरून खाली येतो. आधी छत, मग भिंती. एक हात आडवा, पुढचा हात उभा, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. शिडीवर चढून फवारणाऱ्याने एका हाताने शिडी धरावी असे सर्व पुस्तके सांगतात, आणि बंदूक धरायला दोन हात लागतात हेही तीच पुस्तके सांगतात. बरे कारागीर यातून मार्ग काढतात. ते शिडी टाळून बंदुकीला लांब दांडी लावतात किंवा पायाखाली बुटकी चौकी घेतात. नॉकडाउन असेल तर दहा-पंधरा मिनिटांत पिठावरची ओली चकाकी जाते, तेव्हा पाते फिरवायचे. चकाकी असतानाच फिरवले तर पीठ पात्याला चिकटून भिंत पुन्हा पाचव्या पायरीकडे निघते, फक्त वाईट मार्गाने.

नेमक्या याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज येतो: "अहो, पोहे झालेत, गरम आहेत तोवर या." हा या यंत्राच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा क्षण. पंप बंद करून, नळी भरलेली ठेवून माणूस पोहे खायला जातो. मग चहा. मग सांगलीहून फोन. टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेजमधले तापमान 40 अंशांच्या पुढे असते, आणि नळीतले पीठ तोपर्यंत खाली बसते, पाणी वर राहते, बंदुकीच्या तोंडावर पापुद्रा धरतो. थांबायचेच असेल तर दाब सोडून बंदुकीचे तोंड पाण्यात बुडवून ठेवावे. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचे असेल तर सरळ नळी धुवावी. पोहे पुन्हा गरम करता येतात.

बूच बसले की काय करावे याबद्दल लोकांना उपजत चुकीची बुद्धी होते. पहिली कल्पना दाब वाढवण्याची. दाब वाढवला की बुचामागे तो कोंडतो, आणि मग जो सांधा सर्वांत आधी ढिला असेल तो सुटतो. सुटलेली नळी फटक्यासारखी उडते आणि तिच्या मार्गात कोण उभे आहे हे बघत नाही. दुसरी कल्पना बंदुकीच्या तोंडात डोळा लावून "काही दिसतंय का" हे पाहण्याची. या कल्पनेबद्दल अधिक न लिहिलेलेच बरे. योग्य क्रम असा. पंप बंद, प्लग काढलेला, दाबाचे बटण शून्यावर, व्हॉल्व्ह पीठ परत टाकीत सोडण्याच्या बाजूला, बंदूक बादलीकडे रोखून चाप दाबून धरलेला, हवा सुटेपर्यंत. मग चापाला कुलूप. इतके केल्यावरही नळीत बुचाच्या मागे दाब अडकलेला असू शकतो. म्हणून सांधा एकदम न सोडता पाव फेऱ्याने ढिला करायचा आणि अंगावर न घेता बाजूला उभे राहायचे. बूच कुठे आहे ते नळी हाताने चेपत गेले की कळते. घट्ट गाठ लागते, सुजलेल्या बोटासारखी. ती जागा वाकवून, चोळून, हलके ठोकून मोकळी होते. ज्या पंपाला उलटे फिरण्याची सोय असते तो क्षणभर उलटा फिरवला तरी सुटते.

इथपर्यंतचा सारा भाग हौसेचा. पुढचा भाग धुण्याचा, आणि ज्याने घरात कधी मिक्सरचे भांडे वेळेवर विसळलेले नाही त्याने हे यंत्र भाड्याने घेऊ नये. चटणी वाटून झाली की भांड्यात लगेच पाणी घालून ठेवावे हे ज्ञान मराठी घरात आईकडून मुलीला मिळते. मुलाला ते पंचेचाळिसाव्या वर्षी, रेंटलच्या दुकानात, दंडाच्या पावतीवर मिळते.

धुण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी दाब सोडायचा, प्लग काढायचा आणि मगच टाकीत हात घालायचा, कारण टाकीच्या तळाशी फिरणारा स्क्रू बोट आणि गुठळी यांत फरक करत नाही. उरलेले पीठ रबरी पात्याने खरवडून बादलीत काढायचे. मग टाकीत पाणी भरायचे, पुन्हा वीज जोडायची आणि पंप मंद चालवून नळीतले पीठ बादलीत सोडायचे. पांढऱ्या ताकासारखे पाणी येऊ लागले की थांबायची घाई होते, पण नळीच्या आतल्या अंगाला अजून थर असतो. त्यासाठी स्पंजचा चेंडू. बंदूक काढायची, चेंडू ओला करून नळीच्या पंपाकडच्या तोंडात कोंबायचा, नळी जोडायची आणि पाण्याने तो पुढे ढकलायचा. दुसरे टोक बादलीत खोलवर धरलेले हवे आणि समोर कोणी नको. चेंडू कधी हळूच, लाजत बाहेर पडतो, कधी तोफेतून सुटल्यासारखा. तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत हा खेळ दोन-तीनदा खेळायचा. घरातली लहान मुले दिवसभरात या एकाच टप्प्याला स्वेच्छेने हजर असतात, आणि याच टप्प्याला त्यांना लांब उभे करायचे असते.

बंदूक वेगळी. नॉझल, सुई, रबरी वायसर सगळे सुटे करून ब्रशने घासायचे. लोखंडी तार घालून खरवडले तर भोक मोठे होते आणि पुढच्या वेळी संत्र्याच्या सालीऐवजी फणसाची साल निघते. बंदूक धुताना हवा थोडी चालू ठेवतात, कारण ती बंद असली की पातळ पीठ हवेच्या वाटेत मागे शिरते, तिथे वाळते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला न कळणारे कोडे होऊन बसते. सुटे भाग वाळवून सांध्यांना थोडे व्हॅसलिन लावायचे. मोटार आणि बटणांच्या पेटीवर नळीने पाणी मारायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. हिवाळ्यात यंत्र गॅरेजमध्ये राहणार असेल तर आतले पाणी पूर्ण काढायला हवे. उत्तरेकडच्या राज्यांत एका रात्रीत ते गोठते, फुगते आणि पंपाचे ओतीव अंग तडकवते. पुण्याहून गेलेल्याला पाण्याचा हा अवगुण पहिल्या डिसेंबरपर्यंत ठाऊक नसतो.

उरते ते ताक, दोन-तीन बादल्या. ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतले तर पुढच्या शनिवारी प्लंबर बोलवावा लागतो. रस्त्याकडेच्या जाळीत ओतले तर ते पावसाच्या पाण्याच्या वाटेने थेट ओढ्यात जाते आणि पालिकेचा माणूस येतो. शेजाऱ्याच्या हिरवळीबद्दल बोलायलाच नको. बादली रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी चुनखडी तळाशी गाळासारखी बसलेली असते, वर निवळ पाणी. जुन्या घरांत चुन्याची निवळी करत तशीच. निवळ पाणी सावकाश ओतून पुढच्या धुण्याला वापरता येते, आणि गाळ वाळला की वडी होऊन कचऱ्यात जातो.

दुकानात परत देताना काउंटरवरचा माणूस यंत्र चमकते आहे की नाही हे पाहत नाही. तो टाकीत पाण्याची बादली ओततो, नळीचे टोक दुसऱ्या बादलीत धरतो आणि बटण दाबतो. सुरुवातीचे पाणी निवळ येते. तो थांबत नाही. मिनिटभराने पाण्याला किंचित दुधी झाक येते. मग तो पेन काढतो, पावतीवर 'क्लीनिंग फी'च्या चौकोनात खूण करतो, आणि गिऱ्हाइकाच्या भुवईवर सकाळपासून वाळलेला पांढरा ठिपका त्याला बोटाने दाखवतो.